ताण कमी कर

(पडदा काळा. पितळेवर पोलाद घासल्याचा बारीक आवाज. मग एक टिक्.)

हा आवाज लक्षात ठेवा. यापुढे तो फार वेळा ऐकू येणार नाही.

(शिकंज्यात धरलेलं कुलूप. दोन हात.)

साधं पितळी कुलूप, पाच पिनांचं. किल्ली शेजारीच पडली आहे. ती उचलायची नाही, कुलूप किल्लीशिवाय उघडायचं, हीच यातली गंमत.

हात नवशिक्याचे आहेत. डाव्या हातात टोकाशी वाकवलेली पोलादी पट्टी, तिला टेन्शन टूल म्हणतात. ही विकतची नाही. गाडीच्या वायपरच्या रबराला आधार म्हणून अशी पट्टी असते. जुन्या वायपरमधली काढून वाकवली आहे. उजव्या हातात पिक. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडी, टोकाला छोटासा आकडा. आणि हे डाव्या तर्जनीचं नख पाहा, दाबून पांढरं पडलंय. चुकतंय ते तिथेच. त्याकडे येऊ.

(कापलेलं कुलूप, अगदी जवळून)

आतलं दिसावं म्हणून एका कुलपाची एक बाजू कानशीने घासून काढली. त्यात आमची अख्खी दुपार गेली, तेव्हा इथे जरा रेंगाळणार आहोत.

मधला हा गोल तुकडा फिरतो. किल्ली याच्यातच जाते. हा प्लग. भोवतालचं जाड पितळ जागचं हलत नाही. दोन्हींना मिळून पाच उभी भोकं आहेत आणि प्रत्येक भोकात तीन वस्तू एकीवर एक: खाली किल्लीला टेकणारी पिन, तिच्या डोक्यावर दुसरी पिन आणि दोघींना दाबून धरणारी स्प्रिंग. कुलूप बंद असताना वरची पिन अर्धी प्लगमध्ये, अर्धी बाहेर. दाराच्या खिटीसारखी. ती मधे आहे तोवर प्लग फिरायचा नाही.

आता किल्ली घालतो. दातांच्या चढउतारावर पिना वर-खाली होतात, आणि हे बघा: पाचही जोड्यांचे सांधे एका रेषेत, नेमके प्लगच्या काठावर. अडवायला कुणी उरलं नाही.

(प्लग फिरतो. दृश्य सावकाश.)

किल्ली पाचही पिना एकदम योग्य उंचीला धरते. पिकला एका वेळी एकच पिन उचलता येते. मग ती सोडून दुसरीकडे वळलं, की पहिली खाली का पडत नाही?

कारण ही भोकं कागदावर सरळ रेषेत असतात, पितळेत नसतात. यंत्र कितीही चांगलं असो, केसभर इकडेतिकडे होतंच. म्हणून पट्टीने प्लगला हलकासा पीळ, म्हणजेच ताण, दिला, की पाचही पिना सारख्या आवळल्या जात नाहीत. आधी एकच सापडते. ती शोधायची, उचलायची. तिचा सांधा काठावर आला, की प्लग जेमतेम जाणवेल इतका सरकतो आणि वरची पिन त्या कडेवर बसून राहते. मग दुसरी कुठलीतरी आवळली जाते. चौथी, पहिली, पाचवी, क्रम काहीही असू शकतो. अगदी एकसारख्या दिसणाऱ्या दोन कुलपांचाही एकच असेल असं नाही.

सुरुवातीची ती टिक् म्हणजे एक पिन बसली. तेवढंच.

(पुन्हा हात. शिकवणाऱ्याचा आवाज: “ताण कमी कर.”)

हे वाक्य चित्रीकरणात इतक्या वेळा आलंय, की संकलनात बरंचसं कापावं लागलं. नवशिक्याचा हात पट्टीवर हमखास जड पडतो. पीळ जास्त झाला, की सगळ्याच पिना घट्ट होतात. कुठली खरी अडकली आहे ते बोटांना कळेनासं होतं. आणि उचलताना पिन हवी त्याहून वर गेली, तर खालचीच पिन काठावर फसते. मग इलाज एकच.

(पट्टी सैल होते. पिना खाली पडल्याचा टपटप आवाज.)

पहिल्यापासून.

म्हणून हे कुलूप आधी रिकामं केलं. एक स्प्रिंग उडाली, टेबलाखाली गेली. हा शोध चालू आहे तो तिचाच. मग एकाच पिनेचं कुलूप. ते जमलं की दोन, मग तीन. पारदर्शक कुलपंही मिळतात. आम्हाला चित्रीकरणाला सोयीची पडली असती, पण शिकायला कुचकामी. आत दिसायला लागलं, की माणूस बोटांचं ऐकत नाही.

(जुन्या कुलपाचं छायाचित्र)

हे लंडनच्या सायन्स म्युझियममधलं कुलूप. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिरांनी १७८४ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे हे कुलूप लंडनमधल्या पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत मांडलं: किल्लीशिवाय उघडून दाखवा, २०० गिनी घेऊन जा. यात पिना नाहीत, १८ सरकत्या पट्ट्या आहेत. १८५१ मध्ये लंडनला ग्रेट एक्झिबिशन हे मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास तो या कुलपापाशी बसला आणि ते उघडलं. चोरून नाही, बोलून-सांगून. कुलूप उघडणारा म्हणजे चोर, असं म्हणणाऱ्यांना आम्ही हे छायाचित्र आवर्जून दाखवतो.

नियम दोनच: कुलूप स्वतःचं हवं, आणि वापरातलं नको. ही अवजारं बाळगण्याचा कायदा देशागणिक वेगळा, तो आधी बघून घ्यावा. स्वतःच्या दाराचं कुलूप कसं आहे हेही यात कळून जातं, आणि कधीकधी ते बदलावं लागतं.

(नवं कुलूप. प्लगवर कॅमेरा.)

आता हे. दोन कॅमेरे लावून टिपलं आहे. चार पिना बसल्या, प्लग चांगला ठळक फिरला. चेहरा पाहा.

(चेहरा. निवेदन नाही.)

उघडलेलं नाही. या कुलपातली एक वरची पिन सरळ नाही, कमरेत आवळलेली आहे, डमरूसारखी. प्लगचा काठ त्या कमरेत शिरतो, बराच फिरतो आणि रुततो. इथे जोर लावून काही होत नाही. त्या पिनेला खालून हळूच रेटलं, की प्लग उलटा फिरायला लागतो. हातातलं निसटतंय असं वाटतं, बोटं आपोआप आवळली जातात. आणि नेमकं तेव्हाच ती सैल सोडायची असतात. प्लगला मागे जाऊ द्यायचं. कधी त्यात आधी बसलेली एखादी पिनही खाली पडते. ती पुन्हा उचलायची.

(“ताण कमी कर.” थोड्या वेळाने, शिकणारीचा आवाज: “केलाय.”)

हे पहिल्यांदा उघडलं तेव्हा आम्ही बॅटरी बदलत होतो. आता दिसतंय ते दुसऱ्यांदा.

(नख जवळून. आता पांढरं नाही. प्लग मागे येतो. थांबतो. टिक्. कडी वर उडते. ती कुलूप हातात घेते, कडी दाबून बंद करते, शिकंज्यात परत लावते. निवेदन नाही.)