भागिले सव्वीस

(फळा, खडू. पर्वतीच्या पायथ्याची वस्ती, बायकांची बैठक.)

बैठक पुण्यातली, फळ्यावरचा हिशोब मात्र ऑस्ट्रेलियातला. एका बाईला सहा महिने काम होतं, दर पंधरवड्याला २,००० डॉलर. पुढे काम गेलं, म्हणून सरकारी भत्ता घेतला. मिळकत शून्य, असं खरं तेच लिहून दिलं.

(खडू आकडे मांडतो.)

संगणकाने आयकर खात्याकडून तिची वर्षाची कमाई घेतली : २६,००० डॉलर. वर्षात पंधरवडे २६, म्हणून भागिले २६. उत्तर हजार. म्हणजे काम नव्हतं तेव्हाही हिने पंधरवड्याला हजार डॉलर कमावले आणि लपवले! भत्ता परत करा, अशी नोटीस घरी.

(बायकांचे चेहरे.)

यांना यातली चूक लगेच कळते. लग्नसराईत केटरिंगला जाणारीची कमाई बारा महिने सारखी कशी असेल?

पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी मालकाकडे चौकशी करायचे. २०१६ पासून जुन्या पगारपावत्या शोधायचं काम नोटीस आलेल्याच्याच गळ्यात आलं. ही सरासरी कायद्यात बसत नाही, असं सरकारी वकिलांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं. तरी ती नोव्हेंबर २०१९ पर्यंत चालली. चार लाखांहून जास्त लोकांवर बेकायदा वसुली निघाली, काहींनी जीव दिला. २०२३ मध्ये या वसुलीची चौकशी करणाऱ्या, माजी न्यायाधीश कॅथरिन होम्स यांच्या आयोगाने मंत्र्यांची नावं घेऊन दोष दाखवले. मंत्रिमंडळाची दिशाभूल होऊ दिली, हा ठपका तेव्हाचे मंत्री, पुढे पंतप्रधान झालेले स्कॉट मॉरिसन यांच्यावर. त्यांनी तो नाकारला.

(गल्ली. अंगणवाडी सेविका, हातात यादी.)

फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहन विभागाच्या याद्या घेऊन पुणे जिल्ह्यात अशाच सेविका लाडक्या बहिणींच्या दारी गेल्या, चारचाकी कुणाची ते बघायला. गाडी वेगळ्या राहणाऱ्या दिराची असेल, तर ते दारातच कळतं. त्या वर्षीच्या जूनपासून मात्र क्रम उलटला. संगणकीय माहितीवरून २६.३४ लाख लाभार्थ्यांचे पैसे आधी थांबले, जिल्हाधिकाऱ्यांची पडताळणी नंतर. त्यात खरोखर अपात्र होते, पुरुषसुद्धा. त्यांना वगळायलाच हवं. पण पात्र बाईने स्वतःचा खरेपणा कुठे सिद्ध करायचा?

(महिला व बाल विकास आयुक्तालयाची इमारत, पुणे.)

आयुक्तालय पुण्यातच आहे, म्हणून मागणी इथेच मांडतो. पैसे थांबवण्याआधी बाईच्या हातात कागद द्या. कुठल्या नोंदीवरून नाव गेलं, दाद कुठे मागायची, आणि निर्णय कुठल्या अधिकाऱ्याचा, हे त्यावर सहीनिशी लिहा.