मिनेरारु : एक शब्द, तेरा खनिजं

जपानमध्ये उन्हाळा लागला की बाटल्यांवर, जाहिरातींत एक शब्द सारखा दिसतो: मिनेरारु. मूळचा इंग्रजी 'मिनरल'. शेवटच्या 'ल'चा जपानी जिभेवर 'रु' झाला, आणि परका शब्द म्हणून तो काताकाना लिपीत लिहिला जातो.

आपल्याकडे खाणीतलंही खनिज आणि पालकातलंही खनिजच. जपानीत मात्र वाटणी आहे. खाणीतलं ते 'कोबुत्सु', ताटातलं ते मिनेरारु. शाळेच्या गृहशास्त्रात 'मुकिशित्सु' हा शब्दही शिकवतात. बोलताना तो क्वचितच येतो.

जपानच्या सरकारी आहार-मानकांत अशी 13 खनिजं आहेत. पाकिटाच्या मागच्या तक्त्यात सक्ती आहे ती एकाचीच, सोडियमची. तेही मिठाच्या रूपात छापतात: सोडियमचे मिलिग्रॅम गुणिले 2.54, भागिले 1000, म्हणजे मिठाचे ग्रॅम. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह छापायचं की नाही, हे सहसा उत्पादकाच्या मर्जीवर. म्हणून पुढच्या बाजूला ठळक 'मिनेरारु' दिसलं, तर बाटली उलटी करून बघावी.

आता मुगिचा घ्या. भाजलेल्या जवाचा हा चहा; कॅफिन नाही, म्हणून लहान मुलांनाही देतात. 'मिनेरारु होक्यू', म्हणजे खनिजांची भरपाई, म्हणून तो विकला जातो. पण घरी उकळलेल्या 100 ग्रॅम मुगिचात पोटॅशियम साधारण 6 मिलिग्रॅम, सोडियम जेमतेम 1. उष्माघात टाळण्यासाठी जपानमध्ये सांगितलं जातं ते 100 मिलिलिटरमागे 40 ते 80 मिलिग्रॅम सोडियम. तहान भागते, घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही. तासन् तास उन्हात राबायचं असेल, तर लिटरभर मुगिचात 1 ते 2 ग्रॅम मीठ घालावं. 5 मिलिलिटरच्या सपाट चमच्याचा पाव भाग पुरतो. पंख्याखाली बसून पिणाऱ्याला याची गरज नाही. उलट, जेवणातलंच मीठ त्याला जास्त होत असतं.

सगळ्यात मोठी गंमत हिजिकीची. हे काळं समुद्री शेवाळ शिजवून मग वाळवतात. लोहासाठी पिढ्यान् पिढ्या त्याचं नाव घेतलं जायचं. 2015च्या सरकारी अन्नघटक तक्त्यात त्याच्या दोन वेगळ्या नोंदी झाल्या. लोखंडी कढईत शिजवलेलं, 100 ग्रॅम सुक्या हिजिकीत 58.2 मिलिग्रॅम लोह. स्टेनलेसच्या भांड्यातलं, 6.2. मधलं 52 मिलिग्रॅम कढईचं.