गावात श्रमदानाने कचरा गोळा करायचा आहे? आधी तो कुठे जाणार हे ठरवा

नमस्कार. गावात श्रमदानाने कचरा गोळा करण्याचा कार्यक्रम कसा आखावा, हे आज आपण पाहणार आहोत. या विषयाची सुरुवात बहुतेक वेळा हातमोजे, टोप्या आणि पोती यांपासून होते. मी मात्र गोळा केलेला कचरा शेवटी जाणार कुठे, या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे नक्की उत्तर हाती येईपर्यंत श्रमदानाची तारीख जाहीरच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

अनेक लहान ग्रामपंचायतींकडे घंटागाडी नसते, आणि जिथे असते तिथेही ती पुष्कळदा गावाबाहेरच्या पडीक जागेवर किंवा ओढ्याच्या काठावर रिकामी होते. अशा गावात उत्साहाने श्रमदान झाले, पोती भरली, फोटो निघाले, तरी ती पोती वेशीबाहेर पडून राहतात. मग कुत्री ती फाडतात, गाईगुरे त्यातील प्लॅस्टिकच्या पिशव्या खातात, नाहीतर कोणीतरी सगळा ढीग पेटवून देतो. प्लॅस्टिक उघड्यावर जाळल्याने विषारी धूर होतो, आणि उरलेली राख पहिल्या पावसात ओढ्यात, पाझर तलावात उतरते. म्हणजे विखुरलेला कचरा आपण एकत्र केला, एवढेच झाले.

म्हणून पहिली भेट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्या आणि लेखी अर्ज द्या. गावाची स्वच्छता राखणे हे 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार पंचायतीचे कर्तव्य आहे, त्यामुळे ट्रॅक्टर-ट्रॉली मागताना संकोच करण्याचे कारण नाही. दुसरी भेट पंचायत समितीची. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणचा दुसरा टप्पा 2020 मध्ये सुरू झाला, आणि त्यात तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद करण्यात आली. तुमच्या तालुक्यातील केंद्र प्रत्यक्ष सुरू आहे का, ते कोणते प्लॅस्टिक घेते, आणि माल तिथपर्यंत कोणी पोहोचवायचा, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव वहीत लिहून घ्या.

तिसरी भेट भंगारवाल्याची, आणि ती सर्वांत उपयोगाची ठरते. पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, दुधाच्या पिशव्या यांना सहसा गिऱ्हाईक मिळते. वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याच्या पुड्या मात्र कोणी घेत नाही, कारण त्यांत प्लॅस्टिक आणि चकाकणारा धातूचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे परवडत नाही. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी असूनही त्याच्या पुड्या एसटी थांब्याजवळ ढिगाने सापडतात, हे आपण सारेच पाहतो. हा न विकला जाणारा माल वजनाला हलका आणि आकाराने मोठा असतो, त्यामुळे तो कोरडा करून, दाबून भरावा. अशा कचऱ्याचा उपयोग सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून होऊ शकतो, पण तिथवरची साखळी तालुका केंद्राकडूनच जुळते.

आता तारीख. पावसाळ्यात गवत वाढलेले असते आणि त्यात साप-विंचवांचे भय असते. म्हणून मे महिना, पाऊस सुरू होण्याआधीचा, मला सर्वांत योग्य वाटतो, कारण त्या वेळी ओढे कोरडे असतात आणि पात्रातला कचरा वाहून जाण्याआधी उचलता येतो. वार ठरवताना शेतमजुरांचा विचार करा. आठवडी बाजाराच्या दिवशी अनेक गावांत मजुरीला सुट्टी असते, आणि सकाळी धारा काढून झाल्यावर, ऊन चढण्याआधीचे दोन-अडीच तास पुरेसे असतात.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. झाडणे आणि घाण उचलणे ही कामे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही ठरावीक जातींच्या माथी मारली. श्रमदानाच्या दिवशीही सरपंच फीत कापतात आणि पंचायतीचा सफाई कामगार पोती ओढतो, असे घडत असेल, तर त्याला श्रमदान म्हणता येणार नाही. संत गाडगेबाबा गावात येताच स्वतः खराटा हाती घेऊन गाव झाडत आणि कीर्तनाला त्यानंतर उभे राहत, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. तेव्हा सरपंच, शिक्षक, मोठे बागायतदार आणि मंडळाचे पदाधिकारी यांच्या हाती चिमटा आणि पोते असेल, हे आधीच त्यांच्याशी बोलून ठरवा. निरोप दवंडीने किंवा व्हॉट्सॲपवर जाईलच, पण बचत गटाच्या ताई आणि भजनी मंडळ घरोघरी गेले की माणसे खरोखर येतात.

प्रत्यक्ष कामात दोन प्रकारची पोती ठेवा, एक विकाऊ मालाचे आणि दुसरे पाकिटे-पुड्यांचे; ढीग झाल्यावर वेगळे करू, असे म्हटले की ते कधीच होत नाही. फुटकी काच पत्र्याच्या डब्यात जमा करा. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्यांना मुलांनी हात लावू नये, आणि त्या धुऊन घरात वापरण्याचा मोह मोठ्यांनीही टाळावा. इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर हाताने उचलू नका. त्यांचे काय करायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

काम संपल्यावर कोणत्या जागी कोणता कचरा जास्त मिळाला, याची नोंद करा. पुड्या टपरीभोवती सापडल्या असतील, तर टपरीवाल्याशी शांतपणे बोलून तिथे डबा ठेवता येतो. द्रोण-पत्रावळ्या मंगल कार्यालयामागे सापडल्या असतील, तर तो विषय मालकाशी बोलून सुटू शकतो. ही नोंद पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, आणि ट्रॉली तालुका केंद्रावर कोणत्या दिवशी जाईल, याचा ठराव त्याच बैठकीत मंजूर करून घ्या.