एका प्रतीमागे किती वाचक?

(वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, वृत्तपत्राचा खप मोजणं तुलनेनं सोपं आहे. किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या याचे हिशेब असतात. 1948 पासून ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ते तपासून प्रमाणपत्र देते. पण विकलेली प्रत वाचतं कोण, हे त्या हिशेबात सापडत नाही. एसटी स्टँडजवळच्या सलूनमधला पेपर दुपारपर्यंत कितीतरी हातांतून फिरतो. उलट, वर्गणीच्या योजनेत बादली मिळते म्हणून घेतलेला अंक घडीही न मोडता रद्दीत जातो. जाहिरातदाराला हवा असतो वाचणारा माणूस. त्यासाठी घरोघर जाऊन विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम मीडिया रिसर्च युजर्स कौन्सिलनं हाती घेतलं. 1994 साली जाहिरातदार, जाहिरात संस्था आणि माध्यमं यांनी मिळून ती उभी केली आणि पुढच्या वर्षी इंडियन रीडरशिप सर्व्हे, म्हणजे आयआरएस, सुरू झाला. ज्यांचं मोजमाप व्हायचं तेच या संस्थेचे सभासद. ही रचना नाजूक आहे. पण एकमेकांवर लक्ष ठेवायला सगळे एका टेबलाशी बसतात, हे मला तिचं मोठं बळ वाटतं.

आता प्रत्यक्ष मुलाखत कशी होते ते पाहू. आधी घराचा आर्थिक स्तर ठरतो. घरात सर्वाधिक कमावणाऱ्याचं शिक्षण विचारतात आणि 11 गोष्टींची यादी वाचतात: वीज, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, वॉशिंग मशीन, रंगीत टीव्ही, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. उत्पन्नाचा आकडा विचारला तर कुणी खरा सांगत नाही, फ्रिज मात्र कुणी लपवत नाही. मग 12 वर्षांवरच्या ज्या व्यक्तीची निवड झाली असेल, तिला वृत्तपत्रांची नावं, पहिल्या पानावर छापतात त्याच ओळखीच्या अक्षरांत, दाखवली जातात. वाचलंय किंवा नुसतं चाळलंय का? शेवटचं कधी? दैनिक काल वाचलं असेल तर ती व्यक्ती सरासरी वाचकसंख्येत धरतात. महिन्याभरात कधीतरी पाहिलं असेल तर एकूण वाचकसंख्येत. या दोन आकड्यांत मोठी तफावत असते. पहिल्या पानावर ‘आम्हीच नंबर वन’ अशी जाहिरात दिसली, की खालची बारीक अक्षरांतली ओळ वाचा. यातला कुठला आकडा घेतलाय, कुठल्या भागातला, कुठल्या वयोगटातला, हे तिथंच कळतं.

2014 च्या जानेवारीत 2013 चे आकडे जाहीर झाले आणि वृत्तपत्रसृष्टीत खळबळ उडाली. 18 वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून ते फेटाळले. त्यातलं एक उदाहरण आपल्या नागपूरचं होतं: प्रमाणित खप 60 हजारांच्या वर असलेल्या ‘हितवाद’ला शहरात एकही वाचक नाही, असं सर्वेक्षण सांगत होतं. ‘बिझनेस लाइन’ या इंग्रजी अर्थविषयक दैनिकाचे वाचक चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट, हेही त्याच निवेदनातलं.

अशा वेळी ‘नमुना छोटा होता’, म्हणजे विचारलेली माणसं कमी होती, हे उत्तर पुरत नाही. समजा, एका शहरात 300 जणांना विचारलं आणि तिथं शंभरातले तीनच जण एखादं दैनिक वाचतात. तरीही त्या 300 मध्ये एकही वाचक न सापडण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढीच. म्हणजे इतका मोठा घोळ नशिबाचा नसतो. तो कुठंतरी दारापाशी, प्रश्नापाशी किंवा नोंदीपाशी झालेला असतो. छोटा नमुना निराळाच त्रास देतो: त्याच 300 जणांत दहा टक्के वाचक मिळाले, तर खरा आकडा साडेसहा ते साडेतेरा यांत कुठंही असू शकतो. जिल्हा दैनिकांची चढाओढ नेमकी याच अंतरात चालते.

पुढे 2017 च्या फेरीसाठी सुमारे 3 लाख 20 हजार घरं गाठली गेली. 2019 चे शेवटचे आकडे 2020 मध्ये आले, तोवर कोरोनाही आला होता. अनोळखी माणसाला घरात घेणं थांबलं, तसं हे सर्वेक्षणही थांबलं, आणि नंतरही ते लांबतच गेलं. याची सर्वांत जास्त झळ लहान मराठी दैनिकांना बसते, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या समूहाचा विक्री विभाग स्वतःचे आकडे तयार करून मुंबईच्या जाहिरात एजन्सीपुढे मांडू शकतो. जिल्ह्याच्या दैनिकाला बाहेरच्या, तटस्थ आकड्याशिवाय तिथं कुणी विचारत नाही.

म्हणून सर्वेक्षण व्हावं एवढ्यावर मी थांबत नाही. मुलाखतकाराला भरलेल्या फॉर्मवर नव्हे, दिवसावर पैसे द्या. फॉर्मवर पैसे असले की बंद दाराशी पुन्हा जायला कोण तयार होणार? बड्या सोसायटीत वॉचमन गेटवरूनच परत पाठवतो, तिथली घरं किती वगळली गेली ते जाहीर करा. आणि प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्याशेजारी तिथं किती जणांना विचारलं, तेही छापा.