चांदीची शाई वीज कधी वाहते?

पिवळसर पॉलिइमाइड (उष्णता सोसणारं प्लास्टिक) फिल्मवरची ही काळपट तपकिरी रेघ चांदीची आहे. इंकजेटने नुकतीच छापलेली, 10 मिलिमीटर लांब, 100 मायक्रॉन रुंद. शाई सुकलीय. मल्टिमीटरचे प्रोब दोन टोकांना टेकवले, तरी पडद्यावर 'ओएल'च. म्हणजे रोध मीटरच्या पल्ल्याबाहेर.

शाईतले कण 30-40 नॅनोमीटरचे. प्रत्येकाभोवती अमाइनचं (एक सेंद्रिय संयुग) किंवा पॉलिमरचं आवरण. ते नसेल तर कण बाटलीतच एकमेकांना चिकटतात, तळाशी बसतात, नोझल तुंबतं. पण शाई टिकवणारं हेच आवरण विजेची वाट अडवतं.

आता सिंटरिंग, म्हणजे न वितळवता कण तापवून एकमेकांना जोडणं. आधी 80 अंशांवर दहा मिनिटं. ही पायरी गाळून थेट तापवलं, तर आत अडकलेलं द्रावक उकळतं आणि रेघेला फोड येतात. मग 150 अंशांवर अर्धा तास. चांदी वितळते 962 अंशांना. इथे काहीच वितळत नाही. आवरण सुटतं, पृष्ठभागावरचे अणू सरकतात आणि लगतच्या कणांमध्ये चांदीचे पूल बांधले जातात. रेघ बघता बघता पांढरट चमकू लागते.

पण चमक फसवी असते. रोध मोजायचाच, आणि तोही चार प्रोबनी: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर व्होल्टेज. दोनच प्रोब लावले तर टेकणीचा रोधही आकड्यात मिसळतो.

जाडी अर्धा मायक्रॉन धरली, तर भरीव चांदीच्या अशा रेघेचा रोध सुमारे 3.2 ओहम. छापील रेघ 10 ओहमच्या आसपास आली, तरी काम चांगलं झालं म्हणायचं. उरलेला फरक छिद्रांचा, जळून न गेलेल्या सेंद्रिय अंशाचा आणि कणसीमांचा, म्हणजे कण जिथे एकमेकांना भिडतात त्या सीमांचा. चांदीत इलेक्ट्रॉन साधारण 50 नॅनोमीटर बिनधक्क्याचा धावतो; इथे तेवढ्या अंतरात सीमा आडवी येते.

रेघेच्या कडा जाड आणि मधला भाग पातळ दिसला, तर बशीत वाळलेला चहाचा थेंब आठवा. कडेला द्रावक आधी उडतं, कण तिकडे ओढले जातात. फिल्मखालचा तवा कमी तापवा, किंवा शाईत थोडं उशिरा उडणारं द्रावक घाला.

पॉलिएस्टर फिल्म मात्र 150 अंशांना आकसते, वाकते. तिथे झेनॉन दिव्याचा मिलिसेकंदांचा झोत वापरतात. तांबं स्वस्त खरं, पण हवेत तापवलं की ऑक्साइड होतं.

चांदीची खोड वेगळी. शेजारच्या दोन रेघांत डीसी व्होल्टेज आणि वर दमट हवा असली, की धन टोकाकडची चांदी विरघळते आणि ऋण टोकावर झाडाच्या फांद्यांसारखी वाढू लागते. फांदी पलीकडे पोचली की शॉर्ट. म्हणून रेघ कोरडी असतानाच तिच्यावर संरक्षक वार्निशचा थर चढवतात.