दारातलं वाक्य

सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पाऊल टाकताना पुष्कळ ज्यू एक प्रार्थना म्हणतात. 'मा तोवू.' याकोबा, तुझे तंबू किती सुंदर आहेत, इस्राएला, तुझी वसतिस्थानं किती सुंदर! मी हे लहानपणी पाठ केलं, पण हे कोण बोलतंय हे मला फार उशिरा कळलं. हे शब्द बायबलमधल्या बलाम नावाच्या द्रष्ट्याचे आहेत. बलाम आमच्यातला नव्हता. मवाबच्या राजाने त्याला इस्राएलला शाप द्यायला बोलावून घेतलं होतं. शाप द्यायला म्हणून त्याने तोंड उघडलं आणि बाहेर पडला आशीर्वाद. म्हणजे आमची सकाळची उपासना सुरू होते ती एका परक्याच्या, तेही आमच्यावर सोडलेल्या माणसाच्या वाक्याने. सोळाव्या शतकात पोलंडमधले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, शलोमो लुरिया यांना हे पटेना. ते हे वाक्य गाळून पुढच्यापासून सुरुवात करत. पण प्रार्थनेच्या पुस्तकातून काही ते गेलं नाही.

'दुसऱ्या धर्मांकडून ज्यूंनी काय शिकायचं?' असं कोणी विचारलं की मी आधी या दाराकडे बोट दाखवतो.

अर्थात प्रश्न इतका सोपा नाही. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींच्या बायबलवरच्या जुन्या भाष्यांमध्ये, एक वचन आहे: इतर राष्ट्रांमध्ये शहाणपण आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेव; तोरा, म्हणजे देवाने इस्राएलला दिलेली शिकवण, आहे असं सांगितलं तर ठेवू नकोस. यातला पहिला अर्धा भाग उदारमतवादी मंडळी सांगतात, दुसरा कर्मठ मंडळी. आपापल्या सोयीने अर्धं अर्धं. मला विचाराल तर गंमत मधल्या रेषेत आहे, कारण शहाणपण कुठे संपतं आणि तोरा कुठे सुरू होते, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

ही रेष कशी हलते ते बघा. रंबाम, म्हणजे बाराव्या शतकातले थोर ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीस, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा मुलगा अब्राहाम, जन्म ११८६, इजिप्तमधला. वडील १२०४ मध्ये गेल्यावर तिथल्या ज्यूंचं पुढारपण त्याच्याकडे आलं. त्याच्या भोवती सूफी होते, आणि त्यांच्याकडे बघून तो अस्वस्थ होत असे. त्याने लिहून ठेवलंय की इस्राएलच्या संदेष्ट्यांच्या जुन्या चालीरीती यांनी जपल्या आणि आपण विसरलो. मग त्याने आपल्या लोकांना उपासनेत रांगेने बसायला, गुडघे टेकायला, जमिनीला कपाळ लावायला सांगितलं. विरोधक खवळले. हा मुसलमानांची नक्कल करतोय, अशी तक्रार थेट सुलतानाकडे गेली. म्हणजे मुसलमानांसारखं वागतो म्हणून मुसलमान राजाकडे फिर्याद! अब्राहामचं उत्तर ठरलेलं होतं: हे उसनं नाही, आपलंच आहे, शेजाऱ्याच्या घरी राहिलं होतं. त्याचा हा इतिहास किती खरा, यावर अभ्यासक वाद घालोत. मला त्यातली नजर आवडते. शेजाऱ्याकडे बघताना त्याला आपल्याच घरातली रिकामी जागा दिसली.

पण प्रत्येक शेजार असा नव्हता. १२४० मध्ये पॅरिसमध्ये रब्बींना ताल्मुदच्या, म्हणजे धर्मनियमांवरच्या आमच्या मोठ्या ग्रंथाच्या, बचावासाठी राजदरबारात उभं केलं गेलं. त्यालाही 'संवाद' म्हणता येईल. दोन वर्षांनी ताल्मुदच्या हस्तलिखितांच्या गाड्या भरभरून भर चौकात जाळल्या. छपाई यायला अजून दोनशे वर्षं होती. एकेक प्रत हाताने लिहिलेली. तेव्हा आंतरधर्मीय संवाद म्हटलं की एखाद्या म्हाताऱ्या ज्यूच्या कपाळावर आठी पडते, तिला संकुचितपणा म्हणायची घाई करू नका.

अमेरिकेतल्या कर्मठ ज्यूंचे पुढारी रब्बी सोलोवेचिक यांनी १९६४ मध्ये बजावलं ते यामुळेच. भूक, युद्ध, अन्याय यांवर सगळ्यांसोबत काम करा, पण माणसाचं देवाशी जे आतलं नातं आहे ते वाटाघाटीच्या टेबलावर ठेवू नका. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकनने 'नोस्त्रा एताते' हे इतर धर्मांविषयीचं निवेदन जाहीर केलं आणि येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर लादता येणार नाही असं म्हटलं. त्यामागच्या बोलण्यांत ज्यू विचारवंत रब्बी हेशेल होते. त्यांची आई आणि बहिणी नाझींच्या काळात गेल्या, तरी हा माणूस कार्डिनलच्या भेटीला गेला. त्यांची अट एकच: आंतरधर्मीय संवादाला आधी स्वतःची श्रद्धा लागते. सोलोवेचिक आणि हेशेल यांच्यातला एक निवडा असं मला लोक सांगतात. मी निवडत नाही. बोलताना हेशेल, आणि बोलणं गोडगोड व्हायला लागलं की सोलोवेचिक.

गोडगोडचं उदाहरण म्हणजे काही चर्चमध्ये 'येशूने केलं तसं' पेसाहचं सेदर, म्हणजे आमच्या त्या सणाच्या रात्रीचं विधीचं जेवण, करतात. हेतू चांगला असतो. पण आजचं सेदर घडलं ते इ. स. ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडल्यानंतर. दुसऱ्याचा सण असा अंगावर चढवून पाहण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून एक पान वाचावं.

तसं एकदा आम्ही वाचलं. तिघे होतो: मी, एक ख्रिस्ती धर्मगुरू, एक मुसलमान शिक्षिका. समोर बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा बाविसावा अध्याय, मूळपुरुष अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकला, बळी द्यायला डोंगरावर नेतो तो. इसहाकच्या पाठीवर लाकडं येताच धर्मगुरू म्हणाले, आम्हाला इथे क्रूस दिसतो. मी नाही म्हणून मान हलवणार होतो, तेवढ्यात बेरेशीत रब्बा या उत्पत्तीवरच्या मिद्राशमधली ओळ आठवली: जसा कोणी आपला क्रूस खांद्यावर वाहतो तसा. आमच्याच रब्बींची ओळ! मग शिक्षिकाबाईंनी सांगितलं, कुराणात बाप मुलाला आधी स्वप्न सांगतो आणि विचारतो, तुझं काय म्हणणं आहे? मुलगा हो म्हणतो. त्याचं नाव तिथे येत नाही. बहुतेक मुसलमान त्याला इस्माईल मानतात. आमच्या पानावर असा प्रश्न नाही. पण 'ते दोघे बरोबर चालत गेले' हे वाक्य दोनदा आहे, आणि मध्ये मुलगा विचारतो, कोकरू कुठे आहे? अकराव्या शतकातले आमचे भाष्यकार राशी म्हणतात, बापाच्या उत्तरावरून मुलाला कळून चुकलं, तरी तो तसाच चालत राहिला. राशींचं हे भाष्य मला पाठ होतं. त्या दुसऱ्या 'बरोबर'चं वजन मात्र बाईंनी ती आयत वाचल्यावर जाणवलं.

शेवटाकडे आलो. अब्राहाम डोंगरावरून नोकरांकडे परत येतो, आणि त्या वचनात इसहाकचं नावच नाही. धर्मगुरूंनी विचारलं, मुलगा गेला कुठे? आमच्याकडे याची चार-पाच उत्तरं आहेत, त्यातली दोन मी सांगितली. बाईंनी पान उलटून पुन्हा मागे नेलं आणि म्हणाल्या, आईला यातलं काही ठाऊक होतं का?