रात्री तीनचा फोन

[अंधारी खोली. स्टुलावर थरथरणारा फोन.]

पहाटेचे तीन दहा. पुण्यातला एक ऑन-कॉल इंजिनियर, म्हणजे बिघाड झाला की ज्याला उठवायचं तो, डोळे चोळत लॅपटॉप उघडतो. सर्व्हरची डिस्क भरत आलीय. पूर्ण भरायला अजून चार दिवस आहेत. तो अलर्ट ॲक करतो, म्हणजे 'पाहिला' असं कळवतो, परत आडवा होतो. झोप मात्र गेली ती गेलीच.

हाच निरोप सकाळी दहाला चॅटवर आला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. ग्राहकांचं पैसे भरणंच बंद पडलं असतं, तर गोष्ट वेगळी.

[स्क्रीनवर कॉन्फिग फाइल.]

प्रोमिथियस हे सॉफ्टवेअर सर्व्हरचं मोजमाप करतं. 2012 साली ते साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत सुरू झालं. बोंब कुणाच्या कानावर घालायची, हे मात्र त्याचा जोडीदार अलर्टमॅनेजर ठरवतो. त्याचे नियम झाडासारखे असतात. अलर्ट आपल्यावरची लेबलं, म्हणजे ओळखीच्या चिठ्ठ्या, जुळवत फांदीफांदीने खाली उतरतो. घड्याळ बघून गप्प बसायची सोय त्यात 2021 मध्ये आली. ठरावीक वेळेतच बोलायची सोय 2022 मध्ये.

ऐकायला सोपं. लिहायला बसा.

टाइमझोन लिहिला नाही, तर अलर्टमॅनेजर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो. म्हणजे तुम्ही लिहिलेले सकाळचे नऊ पुण्यात दुपारी अडीचला वाजतात! 'रात्री नऊ ते सकाळी नऊ' असंही एका ओळीत चालत नाही. मध्यरात्रीपाशी तुकडे पाडायचे: नऊ ते बारा, मग शून्य ते नऊ. वर 'सोमवार ते शुक्रवार' अशी अट असेल, तर शुक्रवारची रात्र बारा वाजता अर्ध्यातच संपते. पुढे शनिवार, आणि शनिवारला वाली कोण?

[फळ्यावर खडूने काढलेल्या दोन फांद्या.]

पण खरी मेख इथे आहे. दिवसाची फांदी आधी, रात्रीची नंतर. रात्री एकला अलर्ट येतो. लेबलं जुळतात, म्हणून तो दिवसाच्याच फांदीत शिरतो. ती यावेळी गप्प. मग तो रात्रीच्या फांदीकडे जाईल, असं कुणालाही वाटेल. जात नाही. एकदा जुळलं की शोध संपला. पुढे पाठवायचं तर 'कंटिन्यू: ट्रू' लिहावं लागतं. ती एक ओळ राहिली, तर फोन कुणाचाच वाजत नाही, आणि सगळे म्हणतात, वा, काय शांत रात्र गेली! बिघाड तोवर टिकलाच, तर दिवसवाल्यांना नऊनंतर कळतं. आठ तास उशिरा.

म्हणून काही कंपन्या रात्रपाळीच ठेवत नाहीत. पुण्याची रात्र अमेरिकेतलं सिएटल सांभाळतं. इकडे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेआठ. हँडओव्हर, म्हणजे पाळी सोपवणं, अगदी बेतशीर.

[कॅलेंडरचं पान उलटतं. नोव्हेंबर.]

आपलं घड्याळ वर्षभर जागचं हलत नाही. अमेरिकेतलं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं. सोमवारी रात्री नऊला पुण्यातली मुलगी हँडओव्हरच्या कॉलवर येते. समोर कुणीच नाही. सिएटलमध्ये आत्ता साडेसात वाजलेत.